पाक सेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्यात उभ्या असलेल्या एका अनवाणी मुलीची क्लिप दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरते आणि मग प्रश्नांची रांग लागते. गेल्या काही वर्षांत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोल्फशी ओळख नसलेल्यांनी प्र. ३ आधी वाचावा. बाकीचे कुठूनही वाचले तरी चालतील.

१. ही पाक सेरी कोण? दोन ओळींत सांगा.

दक्षिण कोरियाची व्यावसायिक गोल्फपटू. जन्म २८ सप्टेंबर १९७७, गाव तेजॉन. अमेरिकेतल्या एलपीजीए, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक गोल्फ टूरवर तिने २५ स्पर्धा जिंकल्या आणि त्यातल्या ५ मेजर होत्या. २०१६ मध्ये ती निवृत्त झाली. ती टूरवर आली तेव्हा तिथे पूर्ण वेळ खेळणारी दुसरी कोरियन नव्हती. दहा वर्षांत ही संख्या चाळीसच्या वर गेली. तिच्या २५ विजयांपेक्षा मला ही दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्याबद्दल प्र. १७ मध्ये.

२. नाव सेरी पाक, पाक सेरी की सेरी पार्क? आणि दुसरी कोरियन गोल्फपटू इन्बी पार्क तिची बहीण का?

कोरियन पद्धतीत आडनाव आधी येतं, म्हणून पाक सेरी. इंग्रजी वर्तमानपत्रं ते उलटं करून छापतात. पाक आणि पार्क हे मुळात एकच कोरियन आडनाव आहे, रोमन लिपीत ज्याने जसं लिहिलं तसं रूढ झालं. कोरियात हे आडनाव आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं पावलोपावली भेटतं. त्यामुळे इन्बी पार्क तिची बहीणही नाही आणि नातेवाईकही नाही. (आणि हो, आपल्या साखरेच्या पाकाशीही काही संबंध नाही. हा विनोद दर महिन्याला कोणीतरी पाठवतंच.)

३. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. हे पान वाचण्यापुरतं काय माहीत हवं?

एका फेरीत १८ होल असतात. प्रत्येक होल किती फटक्यांत संपावं हे ठरलेलं असतं, तो आकडा म्हणजे पार. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. मोठ्या स्पर्धेत चार दिवसांत चार फेऱ्या होतात, म्हणजे ७२ होल. सर्वांत कमी फटके घेणारी जिंकते. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवतात, याला कट म्हणतात. बरोबरी झाली तर प्लेऑफ. वर्षातल्या चार-पाच सर्वांत मानाच्या स्पर्धा म्हणजे मेजर. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू घरंगळत नेऊन भोकात घालतात तो पट. एवढं पुरे.

४. श्रीमंत घरची होती का? कोरियात गोल्फ म्हणजे बड्या लोकांचा खेळ ना?

खेळ बड्यांचाच होता. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या किम यंग-साम यांनी पदावर असेपर्यंत गोल्फ खेळणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनीही मुकाट्याने आपापल्या किटा माळ्यावर टाकल्या. गोल्फ खेळताना दिसणं म्हणजे पैसेवाला, कदाचित लाचखाऊही, असा लोकांचा समज होता.

सेरी शाळेत धावायची, अडथळ्यांच्या शर्यतीत पळायची, गोळाफेक करायची. गोल्फ आला तो वडिलांमुळे. पाक जुन-चुल यांना स्वतःला खेळाचा नाद होता आणि मुलीच्या दणकट पायांत त्यांना काहीतरी दिसलं. तिला पूर्ण वेळ गोल्फमध्ये घातलं तेव्हा ती १२-१४ वर्षांची होती. आजच्या हिशेबाने हा उशीरच, कारण आता सहा वर्षांची पोरं ड्रायव्हिंग रेंजवर दिसतात. पण धावपटूचे पाय तिला जन्मभर पुरले. १९९२ मध्ये, शाळेत असतानाच, तिने कोरियातली एक व्यावसायिक स्पर्धा हौशी खेळाडू म्हणून जिंकली. १९९६ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि सॅमसंगने तिला प्रायोजकत्व दिलं.

५. वडिलांनी तिला रात्रभर स्मशानात ठेवलं होतं, हे खरं का?

ही कथा १९९८ साली अमेरिकी वर्तमानपत्रांनी चवीने छापली: मन कणखर व्हावं म्हणून बापाने मुलीला कबरींमध्ये सोडलं वगैरे. पूर्वेकडची कोणी खेळाडू जिंकली की अशी एखादी गूढ गोष्ट पाश्चात्त्य पत्रकारांना लागतेच. मी ती कुणाला खरी म्हणून सांगत नाही.

त्यापेक्षा रोजची मेहनत पाहा. पहाटे राहत्या इमारतीचे पंधरा मजल्यांचे जिने पळत चढायचे-उतरायचे, कधी उलट्या पावलांनी. मग दिवसभर चेंडू मारायचे. कबरीपेक्षा हे जास्त भीतिदायक आहे, फक्त त्याचा मथळा होत नाही. वडिलांशी पुढे काय झालं याबद्दल प्र. २० पाहा.

६. एलपीजीएवर जिंकणारी ती पहिली कोरियन होती, असं सगळीकडे लिहितात. बरोबर आहे का?

चूक. पहिली कु ओक-ही. तिने १९८८ मध्ये ॲरिझोनात एलपीजीएची स्पर्धा जिंकली होती. पण त्या वर्षी सोलमध्ये ऑलिंपिक होतं, सगळ्यांचे डोळे तिकडे होते आणि ही बातमी आतल्या पानात गेली. को उ-सुन हिने १९९४ आणि १९९५ मध्ये जपानमध्ये झालेली एलपीजीएची स्पर्धा जिंकली. मेजर जिंकणारी पहिली कोरियन मात्र सेरीच.

७. अमेरिकेत पोहोचल्याबरोबर जिंकायला लागली, असं कसं झालं?

ऑक्टोबर १९९७ मध्ये तिने एलपीजीएची पात्रता फेरी खेळली आणि क्रिस्टी करबरोबर संयुक्त पहिली आली. फ्लोरिडात डेव्हिड लेडबेटर या नावाजलेल्या प्रशिक्षकाकडे ती शिकत होती. इंग्रजी जेमतेम. १९९८ च्या सुरुवातीच्या स्पर्धांत तिची कोणी दखलही घेतली नाही. मे महिन्यात डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला एलपीजीए चॅम्पियनशिप होती. ही मेजर. पहिल्या दिवशी ६५, आघाडीवर. मग ६८, ७२, ६८. चारही दिवस आघाडी सोडली नाही आणि तीन फटक्यांनी जिंकली. एलपीजीएवरचा तिचा पहिलाच विजय, आणि तोही मेजर. वय २०. क्लिप याच्या सात आठवड्यांनंतरची आहे.

८. आता मुख्य प्रश्न. बूट काढून पाण्यात उतरली तेव्हा नेमकं काय चाललं होतं?

अमेरिकन महिला ओपन, जुलै १९९८. ठिकाण विस्कॉन्सिनमधलं कोहलर गाव, मैदान ब्लॅकवुल्फ रन. मैदान इतकं खडतर की चार दिवसांनंतर आघाडीवरच्या दोघी पारपेक्षा ६ फटके जास्त घेऊन २९० वर बरोबरीत होत्या. एक सेरी. दुसरी जेनी च्वासिरिपोर्न, ड्यूक विद्यापीठात शिकणारी थाई वंशाची अमेरिकन हौशी खेळाडू. रविवारी शेवटच्या होलवर जेनीने सुमारे ४० फुटांवरून पट घातला आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून पाहत राहिली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सोमवारी पुन्हा पूर्ण १८ होलांचा प्लेऑफ.

सोमवारी जेनीने सुरुवातीलाच चार फटक्यांची आघाडी घेतली. सेरीने ती हळूहळू कापत आणली. अठराव्या होलवर दोघी पुन्हा बरोबरीत. आणि इथे सेरीचा पहिला फटका डावीकडे भरकटला. चेंडू तळ्याच्या दिशेने गेला, पण पाण्यात पडला नाही. काठाच्या उतारावर, उंच गवतात, पाण्याच्या अगदी वर अडकून राहिला.

ती काठावर बराच वेळ उभी राहिली. खाली वाकून पाहिलं, पुन्हा वर आली. नेहमीसारखं उभं राहायला जागाच नव्हती, उभं राहायचं तर पाण्यात. मग तिने बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरली. पाय खाली, चेंडू वर उतारावर, हातात वेज (चेंडू उंच उचलणारा क्लब, म्हणजे गोल्फची काठी). पुढे जायचा प्रश्नच नव्हता. तिने चेंडू आडवा, फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या बाजूला काढला.

कोरियात त्या वेळी रात्र सरून पहाट होत होती आणि लोक टीव्हीसमोर बसले होते. मोजे निघाले तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली जी अमेरिकी समालोचकांच्या डोळ्यांत तितकी भरली नसावी. तिच्या पोटऱ्या उन्हाने रापून काळपट झाल्या होत्या आणि घोट्याखालची पावलं पांढरीफटक होती. मोज्याची रेघ जणू आखून काढलेली. एखादी मुलगी किती वर्षं, किती तास उन्हात उभी आहे हे सांगायला दुसरं काही लागत नव्हतं. आमच्याकडे शेतात राबणाऱ्या माणसाची बाही वर सरकली की दंडावर जी सीमारेषा दिसते, तीच ही. आजही कोरियन माणसं त्या सामन्याबद्दल बोलताना फटक्याआधी पावलांबद्दल बोलतात.

९. म्हणजे त्या फटक्याने ती जिंकली?

नाही! हा गैरसमज इतका पक्का आहे की मी तो खोडून दमलो. पाण्यातल्या त्या फटक्यानंतर सेरीने ते होल बोगीत संपवलं, म्हणजे पारपेक्षा एक जास्त. जेनीला पार करून तिथेच स्पर्धा जिंकायची संधी होती. तिचाही पट हुकला, तिचीही बोगी. दोघींच्या १८ होलांच्या बेरजा ७३-७३.

मग सडन डेथ, म्हणजे जी आधी एखादं होल जिंकेल ती विजेती. पहिलं होल बरोबरीत सुटलं. दुसऱ्यावर सेरीने साधारण १८ फुटांचा बर्डी पट घातला आणि स्पर्धा संपली. ७२ अधिक १८ अधिक २, एकूण ९२ होल. महिलांच्या व्यावसायिक गोल्फमधली तोवरची सर्वांत लांबलेली स्पर्धा. सेरी तेव्हाची सर्वांत तरुण अमेरिकन ओपन विजेती ठरली. हा विक्रम दहा वर्षांनी, २००८ मध्ये, इन्बी पार्कने १९ व्या वर्षी मोडला.

तर पाण्यातला फटका हा जिंकून देणारा नव्हता, हरू न देणारा होता. जिंकून देणारा पट क्लिपमध्ये नसतोच, कारण तिथे तिने बूट घातलेले होते.

१०. पाण्यात पाय घालून मारणं नियमात बसतं का? एक दंड घेऊन चेंडू बाहेर ठेवला असता तर?

बसतं. अडथळ्याच्या (इथे तळ्याच्या) हद्दीत चेंडू आहे तसा मारायची मुभा आहे, पाय ओले करायलाही हरकत नाही. त्या काळी बंधन होतं ते क्लबवर. फटका मारण्यापूर्वी क्लब त्या हद्दीतल्या जमिनीला किंवा पाण्याला टेकला तर दंड बसायचा. म्हणून क्लिपमध्ये ती क्लब हवेत अधांतरी धरून उभी दिसते. २०१९ पासून हा नियम सैल झाला, आता टेकवला तरी चालतो.

दंड घेतला असता तर? एक फटका दंडाचा, म्हणजे पुढचा फटका तिसरा. तिने आडवा मारला तेव्हाही पुढचा फटका तिसराच होता. आकड्यांत काहीच फरक नाही. फरक पडला तो जागेचा, चेंडू जरा बऱ्या ठिकाणाहून खेळायला मिळाला. जोखीम मात्र मोठी होती. चेंडू गवतातच राहिला असता किंवा तळ्यात गेला असता तर खेळ तिथेच आटोपला होता.

एका मैदानावर ओढ्याकाठी मी हाच प्रयोग केला होता, मोठ्या थाटात बूट काढून. चेंडू जागचा हलला नाही, चिखल चष्म्यावर आला आणि सोबतच्या काकांनी दंडाचे फटके मोजायलाही नकार दिला.

११. हरलेल्या मुलीचं पुढे काय झालं?

जेनी च्वासिरिपोर्न नंतर व्यावसायिक झाली, पण एलपीजीएवर तिचा जम बसला नाही. काही वर्षांनी तिने गोल्फ सोडला आणि परिचारिका झाली. २० वर्षांच्या दोन मुली, एकाच होलवर दोघींची बोगी, आणि पुढची आयुष्यं अशी दोन दिशांना.

१२. एका गोल्फ स्पर्धेने कोरियात एवढं रडायला काय झालं?

साल पाहा. डिसेंबर १९९७ मध्ये कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला होता. मोठे उद्योगसमूह कोसळले, बँका बंद पडल्या, चाळीस-पन्नाशीतल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. देशाचं कर्ज फेडायला लोकांनी लग्नाच्या अंगठ्या आणि मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या सोन्याच्या अंगठ्यासुद्धा रांगा लावून दिल्या. कोरियात तो सगळा काळ आजही नुसता ‘आयएमएफ’ या नावाने ओळखतात.

अशा उन्हाळ्यात एक मुलगी चिखलपाण्यात उतरते, आणि हरत नाही. सरकारने ही दृश्यं त्याच वर्षी लोकांना धीर देणाऱ्या जाहिरातीत वापरली आणि ती वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिली. आपल्याकडे १९८३ च्या विश्वचषकाशी लोक याची तुलना करतात. मला ती अर्धीच पटते. ८३ साली आपण आनंदाने वेडे झालो होतो. कोरियन लोक त्या पहाटे आधी घाबरलेले होते.

१३. त्यानंतर काय? की ती एका स्पर्धेची राणी?

अजिबात नाही. ओपन जिंकल्यानंतर चारच दिवसांनी ओहायोतल्या सिल्व्हेनियाच्या स्पर्धेत तिने एका फेरीत ६१ फटके घेतले. एलपीजीएवर तोवर एवढी कमी धावसंख्या (क्रिकेटवाल्यांनी माफ करावं, दुसरा शब्द सुचत नाही) कोणाचीच नव्हती. ती स्पर्धा तिने ९ फटक्यांनी जिंकली. एकूण पाच वेळा तिने हीच स्पर्धा जिंकली: १९९८, १९९९, २००१, २००३ आणि २००७.

पदार्पणाच्या वर्षी चार विजय, पुढच्या वर्षी चार. २००० कोरडं गेलं. २००१ मध्ये पाच, २००२ मध्ये पाच, २००३ मध्ये तीन. मेजरपैकी २००१ ची ब्रिटिश ओपन तिने सनिंगडेलला जिंकली. दुसऱ्या क्रमांकावर किम मि-ह्यन होती, म्हणजे पहिल्या दोन्ही कोरियनच. २००२ मध्ये विल्मिंग्टनला पुन्हा एलपीजीए चॅम्पियनशिप. पाचवी मेजर २००६ ची, ती प्र. १६ मध्ये.

एक आकडा मला फार आवडतो: एलपीजीएवर ती सहा प्लेऑफ खेळली आणि सहाच्या सहा जिंकली.

१४. मग ती जगात पहिल्या क्रमांकावर का दिसत नाही?

दोन कारणं. एक तांत्रिक: महिला गोल्फची जागतिक क्रमवारी सुरूच झाली फेब्रुवारी २००६ मध्ये. सेरीचा बहराचा काळ तोवर संपला होता. त्यामुळे तिचा सर्वोच्च क्रमांक शोधायला गेलात तर जे सापडेल त्यावरून तिची पत कळणार नाही.

दुसरं कारण आनिका सोरेनस्टाम. स्वीडनची ही बाई त्याच काळात ७२ स्पर्धा जिंकून गेली. शिवाय ऑस्ट्रेलियाची कॅरी वेब होतीच. १९९८, २००१, २००२ आणि २००३ या चारही वर्षी बक्षिसांच्या कमाईत सेरी दुसरी आणि सोरेनस्टाम पहिली. वर्षातली सर्वोत्तम खेळाडू हा किताब सेरीला एकदाही मिळाला नाही. सरासरी सर्वांत कमी फटक्यांची वेअर ट्रॉफी मात्र तिने २००३ मध्ये मिळवली, आणि ती पुढे फार कामाला आली (प्र. १५).

ग्रँड स्लॅम, म्हणजे सगळ्या मेजर जिंकणं, झाला का, असंही विचारतात. नाही. तेव्हा कॅलिफोर्नियात होणारी, विजेतीने तळ्यात उडी मारायची प्रथा असलेली मेजर तेवढी राहिली. पाण्याने प्रसिद्ध झालेल्या बाईला तेवढी एक उडी मिळाली नाही. कोरियाच्या ग्रेस पार्कने ती २००४ मध्ये मारली.

१५. हॉल ऑफ फेममध्ये ती २००४ ला गेली की २००७ ला? दोन्ही वर्षं वाचली आहेत.

दोन्हींत तथ्य आहे. एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमला कोणी मत देऊन निवडत नाही. २७ गुण जमवावे लागतात. साध्या विजयाला एक गुण, मेजरला दोन, वेअर ट्रॉफीला एक, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला एक.

मे २००४ मध्ये व्हर्जिनियातली स्पर्धा जिंकली तेव्हा सेरीचे २२ विजय झाले. त्यातल्या ४ मेजर, म्हणजे ८ गुण. उरलेले १८. बेरीज २६. आणि वेअर ट्रॉफीचा १. झाले २७, वय २६. पण तेव्हा आणखी एक अट होती: टूरवर दहा वर्षं पूर्ण हवीत. ती २००७ मध्ये झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचा जागतिक हॉल ऑफ फेममध्ये रीतसर समावेश झाला, वयाच्या तिसाव्या वर्षी.

पुरवणी प्रश्न नेहमी येतो: अजूनही तीच सर्वांत तरुण का? नाही. २०१६ मध्ये इन्बी पार्क २७ व्या वर्षी एलपीजीएच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली. २०२२ मध्ये दहा वर्षांची अट काढून टाकली आणि ऑलिंपिक सुवर्णालाही एक गुण ठेवला. २०२४ मध्ये पॅरिसच्या सुवर्णावर न्यूझीलंडच्या लिडिया कोचा सत्ताविसावा गुण झाला. तीही २७ वर्षांचीच, पण इन्बीपेक्षा काही महिन्यांनी लहान.

१६. २००४ नंतर एकदम काय बिनसलं?

सत्ताविसावा गुण मिळाला आणि खेळ जणू हातातून सुटला. टी-शॉट, म्हणजे होलचे पहिले फटके, कुठेही जायला लागले. २००५ मध्ये तर पहिल्या दहांत एकदाही नाही, वर बोटाला दुखापत, हंगाम अर्धवट सोडावा लागला.

दुखापत खरी होती, पण कारण तेवढंच नव्हतं असं मला वाटतं. तेरा-चौदाव्या वर्षापासून तिला एकच गोष्ट शिकवली होती: अजून चेंडू मार. खेळ बिघडला की औषध तेच, अजून चेंडू मार. आराम कसा करायचा हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही, अशा अर्थाचं ती पुढे अनेकदा बोलली आहे. खरं तर १९९८ च्या शेवटी मायदेशी सत्कारांच्या फेऱ्यांत ती थकून आजारी पडून रुग्णालयात दाखल झाली होती, तीच घंटा होती. कोणी ऐकली नाही.

२००६ च्या जूनमध्ये ती परत आली. मेरीलँडला एलपीजीए चॅम्पियनशिप, कॅरी वेबशी बरोबरी, प्लेऑफ. २०० यार्डांवरून तिने हायब्रिड नावाच्या क्लबने मारलेला चेंडू ग्रीनवर येऊन भोकापासून काही इंचांवर थांबला. पट घालणं ही औपचारिकता होती. फटका म्हणून विचाराल तर पाण्यातल्या फटक्यापेक्षा हा कितीतरी सरस. पण इथे कोणाच्या पायांतले बूट निघाले नाहीत, म्हणून व्हॉट्सॲपवर तो येत नाही.

शेवटचा, पंचविसावा विजय मे २०१० मध्ये अलाबामात. तोही प्लेऑफमध्ये.

१७. ‘सेरी किड्स’ म्हणजे काय? ती अकादमी आहे का?

अकादमी नाही, पिढी आहे. १९९८ साली दहा-अकरा वर्षांच्या असलेल्या आणि ते दृश्य पाहून, किंवा ते पाहिलेल्या आईबापांच्या हट्टाने, गोल्फकडे वळलेल्या मुली. इन्बी पार्क त्या सोमवारी दहाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होती. पुढे तिच्या नावावर सात मेजर लागल्या. शिन जि-याइ २०१० मध्ये जागतिक क्रमवारीत पहिली आली, असं करणारी पहिली कोरियन. चे ना-यन, किम इन-क्यंग याही त्याच वयाच्या.

सगळं श्रेय एका क्लिपला देऊ नये. पैसा ओतणारे प्रायोजक, देशातली बळकट महिला टूर आणि घर गहाण ठेवून मुलीबरोबर परदेशात राहणारे आईबाप, हे सगळं त्यामागे होतं. या पोरींचं बालपण कसं गेलं हा वेगळा आणि तितकासा गोड नसलेला विषय आहे. सेरी स्वतः तरुण खेळाडूंना सुट्टी घ्या, जगा असं सांगत असते, ते उगीच नाही.

१८. पुरुषांबरोबर खेळली होती, हे खरं?

खरं. २००३ मध्ये, कोरियातल्या पुरुषांच्या एका स्पर्धेत. कट पार केला आणि संयुक्त दहावी आली. अमेरिकेच्या बेब झहारियसने १९४५ मध्ये पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धेत कट पार केला होता, त्यानंतर हे करणारी सेरी पहिली. त्याच वर्षी सोरेनस्टाम अमेरिकेत पुरुषांत खेळली आणि कट हुकला, त्याचा गवगवा दहापट झाला. मैदानं आणि प्रतिस्पर्धी वेगळे होते हे मान्य, तरीही.

१९. ऑलिंपिक पदक किती?

खेळाडू म्हणून शून्य, कारण ती कधी ऑलिंपिक खेळलीच नाही. तिच्या उमेदीच्या काळात ऑलिंपिकमध्ये गोल्फ नव्हता, तो परतला २०१६ मध्ये रिओला. तिथे सेरी कोरियाच्या महिला संघाची प्रशिक्षक होती. इन्बी पार्क अंगठ्याच्या दुखापतीतून उठून आली होती आणि तिच्या निवडीवरून मायदेशी कुरबुर चालू होती. तिने पाच फटक्यांनी सुवर्ण जिंकलं. हिरवळीच्या कडेला रडणारी बाई सेरी.

आपल्याकडच्या काहींनी सेरीला पहिल्यांदा पाहिलं ते याच वेळी, कारण १८ वर्षांची अदिती अशोक पहिले दोन दिवस पदकाच्या आसपास होती आणि आपण कधी नव्हे ते गोल्फ लावून बसलो होतो. टोकियोला अदिती चौथी आली, पदक एका फटक्याने गेलं. तिथेही कोरियाची प्रशिक्षक सेरीच होती, पण त्या वेळी कोरियाची पाटी कोरी राहिली.

२०. निवृत्ती कधी घेतली? आणि वडिलांवर खटला भरला म्हणे?

ऑक्टोबर २०१६, इंचॉनमधली एलपीजीए स्पर्धा. खांदा साथ देत नव्हता. पहिल्या फेरीत ८० फटके घेतले आणि अठराव्या ग्रीनवर निरोप झाला. त्यानंतर टीव्हीवर ती बरीच दिसते, खाण्यापिण्यावर मनसोक्त बोलणारी मोठी ताई म्हणून. कोरियातल्या तरुण पोरांना ती आधी टीव्हीवरची ताई म्हणून माहीत असते, गोल्फ नंतर. २०२० मध्ये अमेरिकी गोल्फ संघटनेने तिला बॉबी जोन्सच्या नावाचा आपला सर्वोच्च सन्मान दिला.

वडिलांचं प्रकरण नाजूक आहे, म्हणून नोंदीपुरतंच. तिच्या नावाच्या प्रतिष्ठानने, आपला शिक्का बनावट वापरला गेल्याच्या आरोपावरून, २०२३ मध्ये त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. जून २०२४ मध्ये तिने सोलमध्ये पत्रकार परिषद घेतली. वडिलांची देणी आपण वर्षानुवर्षं फेडत आलो, यापुढे फेडणार नाही, असं सांगताना तिला हुंदका आवरला नाही. जिन्यांच्या गोष्टी आपण ज्या कौतुकाने सांगतो (मीही प्र. ५ मध्ये सांगितलीच), ते कौतुक त्यानंतर जरा घशात अडकतं.

२१. ती त्या तळ्यापाशी पुन्हा कधी गेली का?

गेली, आणि हा माझा आवडता प्रश्न. २०१२ मध्ये अमेरिकन महिला ओपन पुन्हा ब्लॅकवुल्फ रनला आली. सेरी ३४ वर्षांची, तीही खेळत होती आणि पहिल्या दहांत आली. शेवटच्या दिवशी आघाडीवर होती चे ना-यन, १९९८ मध्ये दहा वर्षांची असलेली. दहाव्या होलवर चेच्या नावावर आठ फटके लागले आणि मोठी आघाडी विरघळायला लागली. तरी तिने सावरलं आणि चार फटक्यांनी जिंकली.

सेरीची फेरी आधीच संपली होती. ती कपडे बदलून परत मैदानावर आली आणि इतर कोरियन मुलींबरोबर अठराव्या ग्रीनच्या कडेला शॅम्पेनची बाटली घेऊन उभी राहिली. शेवटचा पट पडला तशी ती आत धावली आणि चेला नखशिखांत भिजवून काढलं.